वाचक विचारतात : वाइल्डकॅट काडतुसांचे पितळ

मागच्या अंकात वाइल्डकॅट काडतुसांवर लेख होता. प्रचलित काडतुसाच्या केसची, म्हणजे पितळी कवचाची, मान, खांदा किंवा अंग बदलून गनस्मिथ आणि हौशी नेमबाज जे काडतूस घडवतात, ज्याला कारखान्याचे अधिकृत माप नसते, ते वाइल्डकॅट. त्यावर अमेरिकेतल्या आणि ऑस्ट्रेलियातल्या मराठी वाचकांची पत्रे आली. ज्यांची उत्तरे सगळ्यांच्या उपयोगी पडतील अशी निवडली आहेत.

दोन खुलासे आधीच. या छंदातली गेज (मापके), डाय (केसला आकार देणारे साचे), रीमर (बॅरलमध्ये काडतूस बसण्याची जागा, म्हणजे चेंबर, कापणारी हत्यारे) सगळी इंचात असतात, म्हणून उत्तरांत आपल्या वर्कशॉपमधला ‘थाऊ’ वापरला आहे. १ थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ०.०२५४ मिमी. आणि पावडरचे वजन आम्ही छापत नाही. वाइल्डकॅटची दोन चेंबर्स क्वचितच सारखी असतात; एका रायफलीत निर्धोक ठरलेला भार दुसरीत दाबाची मर्यादा ओलांडू शकतो. वजन पावडर आणि गोळी बनवणाऱ्या कंपनीच्या तक्त्यातून घ्यायचे आणि सुरुवात त्यातल्या सर्वांत कमी आकड्यापासून करायची.

प्रश्न : माझ्या जुन्या .३०-०६ रायफलीचे चेंबर ॲक्ली इम्प्रूव्ह्ड करून घेतले. साधी .३०-०६ काडतुसे त्यात उडवून केस घडवल्या, खांदा सुरेख उमटला. पण तिसऱ्या भरणीत दोन केस बुडाजवळ तुटल्या आणि पुढचा भाग चेंबरमध्येच अडकला. पितळ वाईट लागले का? — ह्यूस्टन, टेक्सस

उत्तर : पितळापेक्षा चेंबरवर संशय घ्या. ही लक्षणे हेडस्पेस, म्हणजे बोल्टच्या तोंडापासून केस पुढे जिथे अडते तिथपर्यंतचे अंतर, जास्त असल्याची आहेत, आणि केस तिसऱ्या भरणीत तुटली तरी तिचे नुकसान पहिल्याच बारात झालेले असते.

फायरिंग पिनचा ठोका बसला की काडतूस पुढे सरकते आणि चेंबरमध्ये जिथे अडेल तिथे थांबते. दाब चढला की केसच्या पुढच्या भागाची पातळ भिंत चेंबरला घट्ट धरते. बुडाकडचे पितळ जाड असल्याने ते धरत नाही. मागे बोल्टपर्यंत जेवढी फट असेल तेवढे बूड मागे रेटले जाते. मधले पितळ ताणले जाते ते नेमके जाड तळ संपून पातळ भिंत सुरू होते तिथे, बुडाच्या वर साधारण ८ ते १० मिमीवर. बाहेरून तिथे चकचकीत वलय दिसते. आतून पाहायचे तर कागदाची टाचणी सरळ करून तिचे टोक काटकोनात वाकवा आणि भिंतीला टेकवत खालून वर ओढा. टोक खाचेत अडले तर ती केस गेली. या खेपेच्या उरलेल्या सगळ्या केस अशा तपासा. आमचे मत विचाराल तर सगळीच खेप मोडीत काढा, कारण सगळ्या त्याच फटीत ताणल्या गेल्या आहेत.

फट आली कुठून? पार्कर ओटो ॲक्ली यांची रचना अशी, की अंगाचा निमुळतेपणा कमी करायचा आणि .३०-०६ चा साडेसतरा अंशांचा खांदा ४० अंशांचा करायचा. पहिल्या बारात मूळ काडतूस त्या मोठ्या चेंबरमध्ये एकाच जागी टेकते : मान आणि खांदा मिळतात त्या कडेवर. ती कड घट्ट टेकावी म्हणून चेंबर मूळ मापापेक्षा ४ थाऊ आखूड कापायचे असते. मूळ .३०-०६ चे ‘गो’ गेज इथे ‘नो-गो’ ठरते : ते घातल्यावर बोल्ट बंद होता कामा नये. ॲक्लीचे ‘गो’ गेज त्याहून ४ थाऊ आखूड असते, त्यावर बोल्ट बंद झाला पाहिजे. आधीच .३०-०६ असलेल्या बॅरलमध्ये हे साधायचे तर बॅरल काढून, निदान एक आटा मागे घेऊन, मग रीमर चालवावा लागतो. बॅरल जागच्या जागी ठेवून नुसता रीमर फिरवला तर खांदा सुंदर उमटतो, कड मात्र कुठेच टेकत नाही. तुमच्याकडे हेच झाले असावे.

घरी तपासणी अशी करा. बोल्टमधून फायरिंग पिन आणि इजेक्टर काढा, म्हणजे हाताला खरा अडथळा जाणवेल. प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी) आणि पावडर नसलेली नवी .३०-०६ केस घालून बोल्ट मिटा. दांडा खाली येताना शेवटच्या टप्प्यात किंचित जोर लागला पाहिजे. काहीच जाणवले नाही तर केसच्या बुडाला पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा लावा. कडेबाहेर आलेली पट्टी ब्लेडने कापा. पट्टीची जाडी मायक्रोमीटरने मोजून घ्या, सहसा २ थाऊच्या आसपास भरते. एकेक थर वाढवत जा आणि जोर केव्हा लागतो ते पाहा. तीन थरांवरही बोल्ट सहज मिटला तर फट ६ थाऊपेक्षा जास्त आहे. कारखान्याच्या केस गेजपेक्षा काही थाऊ आखूडही निघतात, म्हणून प्रत्येक नवी खेप अशी पडताळावी.

कायमचा इलाज म्हणजे बॅरल मागे घेऊन चेंबर पुन्हा कापणे. ते होईपर्यंत प्रत्येक नव्या केसला आधी ‘खोटा खांदा’ द्या. रीत पुढच्या उत्तरात आहे. गोळी लांब बसवून रायफलिंगच्या पट्ट्यांवर दाबून धरायची आणि त्या आधाराने बूड बोल्टला टेकवायचे, हीही रूढ पद्धत आहे. त्यात दाब वाढतो, म्हणून ती फक्त तक्त्यातल्या सुरुवातीच्या भारावर करायची. शिवाय मानेची पकड ढिली असली तर गोळी मागे सरकते आणि फट जशीच्या तशी राहते. केसला तेल लावून बार काढण्याचा सल्ला काही जण देतात. तो मानू नका. भिंत चेंबरला धरत नाही आणि सगळा धक्का बोल्टवर येतो.

एकदा घडलेली केस पुढे डायने बिघडवू नका. फुल-लेंग्थ डाय शेल-होल्डरला (प्रेसमध्ये केसचे बूड धरणाऱ्या भागाला) टेकेपर्यंत खाली घेतली की बहुतेक वेळा खांदा गरजेपेक्षा मागे जातो आणि तीच फट दर भरणीला नव्याने तयार होते. दोनतीन बार झालेल्या केसचा खांदा कंपॅरेटर (बुडापासून खांद्यापर्यंतचे माप घेणारी जोडणी) लावून कॅलिपरने मोजा आणि डाय अशी बसवा की तो फक्त १ ते २ थाऊ मागे जाईल. डायचे आटे इंचाला १४, म्हणजे पूर्ण फेरा ७१ थाऊ, अष्टमांश फेरा ९ थाऊ. हाताच्या अंदाजाने २ थाऊ साधत नाहीत. लॉक-रिंग आवळली तरी माप बदलते. २-२ थाऊंनी उंची वाढत जाणाऱ्या शेल-होल्डरचा संच मिळतो, तो घ्या.

एक गोष्ट या निमित्ताने स्पष्ट सांगायला हवी. .३०-०६ ची क्षमता ॲक्ली केल्याने जेमतेम पाच-सहा टक्के वाढते. त्याच दाबावर वेगातली वाढ क्षमतावाढीच्या साधारण चतुर्थांश असते, म्हणजे टक्का-दीड टक्का. २८०० फूट प्रतिसेकंदाला सुमारे ४० फूट. कोणाच्या रायफलीत १५० फूट वाढले असतील तर ते दाब वाढवून मिळवलेले आहेत. ‘ॲक्ली केसमध्ये बोल्ट जड होत नाही, तोवर भार वाढवा’ हा सल्ला म्हणूनच घातक आहे. सरळ भिंत चेंबरला जास्त चांगली धरते, त्यामुळे धोक्याची खूणच उशिरा दिसते. या रचनेचा खरा लाभ वेगळा आहे : पितळ पुढे कमी वाहते, केस कमी लांबते, छाटणी कमी लागते.

प्रश्न : .२८० ॲक्ली इम्प्रूव्ह्ड रायफल घेतली. घरात .२७० आणि .३०-०६ चे पितळ भरपूर आहे. बूड सगळ्यांचे सारखेच; डायमधून काढून वापरता येईल ना? — डेन्व्हर, कोलोरॅडो

उत्तर : वापरता येईल, पण नुसते डायमधून काढून नाही. .२८० रेमिंग्टन १९५७ साली आले, तेव्हा ते चुकून .२७० च्या चेंबरमध्ये जाऊ नये म्हणून त्याचा खांदा .३०-०६ आणि .२७० पेक्षा ५० थाऊ पुढे ठेवला. ५० थाऊ म्हणजे १.२७ मिमी. तुमची .३०-०६ केस थेट .२८० च्या डायमधून काढलीत तर मान बरोबर दिसेल, खांदा मात्र सव्वा मिलिमीटर मागेच राहील. प्रायमर पेटला नाही तर नशीब. पेटला तर केस पहिल्याच बारात तुटू शकते.

दोन्हींत .२७० चे पितळ घ्या. त्याची लांबी २.५४० इंच आहे, .३०-०६ ची २.४९४. .२८० ॲक्लीची कमाल लांबी २.५२५ असल्याने .२७० च्या केसला मानेसाठी पुरेसे पितळ उरते. .३०-०६ ची मान ३१ थाऊ आणि वर आखूड राहते. चालते, पण मानेपुढच्या मोकळ्या जागेत काजळीचे कडक वलय जमते. ते साफ न करता नंतर पूर्ण लांबीची केस घातली तर मान वलयावर चढते, गोळीवर आवळली जाते आणि दाब उसळतो.

आता रीत. एकाच कंपनीच्या एकाच खेपेच्या केस घ्या, प्रायमर काढा, धुवा, मान आणि खांदा तापवून नरम करा. मग मान फुगवायची. आतून मेण किंवा कोरडे ग्रॅफाइट लावून आधी .३० च्या आणि मग .३३८ च्या निमुळत्या एक्स्पांडरवर चढवा. एकदम .३३८ वर घातले तर माना फाटतात किंवा एका बाजूला कलतात. यानंतर .२८० ॲक्लीची फुल-लेंग्थ डाय शेल-होल्डरपासून दोन फेरे वर ठेवून केस आत घाला. मानेचा वरचा भाग बारीक होईल, खालचा फुगीरच राहील. त्या दोहोंमधली पायरी हाच खोटा खांदा. केस पुसून चेंबरमध्ये घाला. बोल्ट मिटणारच नाही. डाय अष्टमांश फेरा खाली, पुन्हा पाहा. दांडा अर्धा खाली येऊ लागला की फेरा निम्मा करा, म्हणजे दर खेपेस साडेचार थाऊ. दांडा शेवटच्या टप्प्यात जाणवेल इतक्या जोराने मिटला की लॉक-रिंग आवळा आणि पुढच्या सगळ्या केस त्याच मापावर काढा. घाईत एक पाव फेरा जास्त फिरला तर पायरी मागे जाते. ती केस पुन्हा फुगवूनच घ्यावी लागते.

फायर-फॉर्मिंगसाठी, म्हणजे उडवून केसला चेंबरचा आकार देण्यासाठी, .२८० रेमिंग्टनच्या छापील तक्त्यातला सुरुवातीचा भार आणि मधल्या वजनाची गोळी पुरते. केसच्या बाहेर वंगण राहू देऊ नका. खांद्याचे कोपरे किंचित गोल राहिले तर भार वाढवू नका, दुसऱ्या बारात ते आपोआप भरतात. खांद्यावर खळगा पडला तर डायमध्ये वंगण जास्त झाले होते. मान उभी फाटली तर पितळ पुरेसे नरम झाले नव्हते. छाटणी बारानंतर करा, आधी नाही, कारण खांदा भरताना केस आखूड होते. २.५१५ वर छाटलेली बरी.

आणखी एक सावधगिरी. नोस्लर कंपनीच्या पुढाकाराने हे काडतूस २००७ मध्ये सामी या अमेरिकी मानक संस्थेच्या यादीत आले, त्यामुळे काटेकोर अर्थाने ते आता वाइल्डकॅट नाही. मानकातले हेडस्पेस मात्र जुन्या पारंपरिक ॲक्ली चेंबरपेक्षा १४ थाऊ आखूड आहे. तुमची रायफल २००७ पूर्वीची किंवा गनस्मिथने जुन्या रीमरने कापलेली असेल तर आजची तयार .२८० ॲक्ली काडतुसे त्यात १४ थाऊ ढिली बसतील. डाय घेतानाही कोणते माप ते विचारा. आणि रायफल नव्या मापाची असून वर्षाला शंभरेक बार होत असतील तर बुडावर योग्य नाव ठोकलेले तयार पितळ विकत घ्या. बुडावर ‘.२७०’ लिहिलेली आणि आत भलतेच असलेली काडतुसे घरात असणे ही स्वतःच एक जोखीम आहे. घडवलेल्या केसच्या प्रत्येक डब्यावर काडतुसाचे नाव, रायफल आणि बारांची संख्या लिहून ठेवा.

प्रश्न : मान तापवताना पितळ लाल दिसेपर्यंत तापवायचे की त्याआधी थांबायचे? पाण्यात विझवणे जरुरीचे आहे का? — मिनीॲपोलिस, मिनेसोटा

उत्तर : त्याआधी थांबायचे. काडतुसाचे पितळ म्हणजे ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त. दाबले, फुगवले, उडवले की ते कडक होत जाते आणि तापवले की नरम पडते. पुण्याच्या तांबट आळीत ठोक्यांनी कडक झालेले भांडे पुन्हा भट्टीत घालतात, तेच तत्त्व. फरक एवढाच, की भांडे सगळे नरम झाले तरी चालते, केसचे बूड मात्र कधीच नरम होता कामा नये. नरम बूड दाबाला फुगते, प्रायमरची जागा ढिली होते आणि गरम वायू मागे, डोळ्यांकडे येतो.

मानेच्या आत ७५० अंश फॅरनहाइटचे, म्हणजे ४०० सेल्सियसचे तापदर्शक द्रावण लावा. खांद्याच्या अर्धा इंच खाली बाहेरून ४७५ फॅरनहाइटचे. केस ड्रिलला लावलेल्या सॉकेटमध्ये सावकाश फिरवत प्रोपेनच्या निळ्या ज्योतीचे टोक मान-खांद्याच्या जोडावर धरा. आतले वितळेल आणि बाहेरचे वितळणार नाही, तेवढे सेकंद मोजा. सहसा सहा-सात भरतात. ती मोजदाद त्या खेपेपुरती पक्की. खेप बदलली की पुन्हा मोजा, कारण भिंतीची जाडी बदलते. खोलीत अंधार ठेवून मंद लाली दिसताक्षणी ज्योत काढणारेही आहेत. आमचा भरवसा द्रावणावर, कारण डोळ्याला दिसणारी लाली खोलीच्या उजेडावर ठरते. नारिंगी झळाळी दिसली तर मान फार मऊ झाली. ती गोळी धरणार नाही.

पाण्यात विझवल्याने पितळ अधिक नरमही होत नाही आणि कडकही. त्याचा उपयोग उष्णता बुडाकडे पोचू न देण्यापुरता. सहा-सात सेकंदांत काम झाले तर ओल्या फडक्यावर टाकलेलेही पुरते.

प्रश्न : .३०-०६ पासून .३३८-०६ करतो आहे. मान फुगवणे सोपे गेले, पण काही केसमध्ये गोळी तळाशी अडते आणि निशाणही विखुरते. — सिॲटल, वॉशिंग्टन

उत्तर : मानेच्या तळाशी आतून पितळाचे कडे तयार झाले आहे, त्याला ‘डोनट’ म्हणतात. मान .३०८ वरून .३३८ केली की जुन्या खांद्याचा वरचा भाग नव्या मानेचा तळ होतो. खांद्याचे पितळ मानेपेक्षा जाड, म्हणून तिथे आतून उंचवटा येतो. उडवलेल्या, डायमध्ये न घातलेल्या केसमध्ये गोळी हाताने सोडून पाहा. ती सरळ खाली गेली पाहिजे. तळाशी अडली तर कडे आहे.

गोळीचे बूड त्या कड्याच्या वर राहील इतकी लांब गोळी बसवता येत असेल तर बाकी काही करू नका. मॅगझिनची लांबी आड आली तर मॅन्ड्रेलवर (आतून आधार देणाऱ्या दांडीवर) मान चढवून आतला उंचवटा बाहेर ढकला आणि नेक-टर्निंगच्या पात्याने बाहेरून छिला. पाते खांद्याला जेमतेम स्पर्शेल तिथेच थांबवायचे. जोडावर खाच पडली तर पुढे मान तिथूनच तुटते. आतून रीमरने काढणेही शक्य आहे, मात्र तेही उडवलेल्या केसवरच.

छिलण्याआधी हिशेब करा. गोळी .३३८, भिंत प्रत्येकी १४ थाऊ धरली तर भरलेल्या मानेचा व्यास ०.३६६. चेंबरची मान ०.३६९ असेल तर ३ थाऊ मोकळीक राहते. त्याहून कमी नको. त्याच चेंबरमध्ये १६ थाऊ जाडीची मान आली तर व्यास ०.३७० होतो. बोल्ट जोर लावून कदाचित मिटेलही, पण मानेला फुलायला जागा नसल्याने गोळी सुटत नाही आणि सुरुवातीचा भारसुद्धा धोकादायक होतो. मान बारीक करताना तर भिंत आपोआप जाड होते, म्हणून .३०८ पासून ६ मिमी किंवा ६.५ मिमी घडवणाऱ्यांनी हा हिशेब आधी आणि प्रत्येक नव्या खेपेला करावा.

प्रश्न : गोळी न वापरता रवा भरून फायर-फॉर्मिंग करतात असे ऐकले. भारतीय दुकानातला रवा चालेल का? — एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : अमेरिकेत यासाठी ‘क्रीम ऑफ व्हीट’ वापरतात, तो बारीक रवाच आहे, तेव्हा बारीक कोरडा रवा चालतो. जाड रवा आणि लापशी नको, आणि दमट हवेत उघडा राहिलेला मुळीच नको, कारण गुठळी अडकली की दाब भलतीकडे जातो. प्रायमर, त्यावर जलद जळणाऱ्या पिस्तुली पावडरची थोडी मात्रा, त्यावर टिश्यू पेपरची हलकी चकती, मग मानेच्या तळापर्यंत रवा आणि तोंडाला मेणाचे बूच. रवा ठासायचा नाही. अशी काडतुसे घरी भरून गाडीतून नेऊ नका : हादऱ्याने रवा पावडरीत मिसळतो. रेंजवर एक भरायचे, एक उडवायचे.

मान फार फुगवायची असते किंवा बॅरलचे आयुष्य वाचवायचे असते तिथे ही पद्धत खरी उपयोगी. ॲक्ली प्रकारासाठी आमची पसंती गोळीलाच, कारण पूर्ण दाबाला खांदा जास्त नीट भरतो आणि तो बार सरावातही जमा होतो. रवा भरला म्हणून ते खेळणे होत नाही. जवळून तो गंभीर इजा करतो. डोळ्यांचे आणि कानांचे संरक्षण हवेच, आणि नंतर बॅरलमधून पॅच फिरवायला विसरू नका.

प्रश्न : इथे जुन्या .३०३ केसचा एक डबा मिळाला, बुडावर ‘केएफ’. त्यापासून .३०३-२५ करावे म्हणतो. — मेलबर्न

उत्तर : ‘केएफ’ म्हणजे आपली खडकीची ॲम्युनिशन फॅक्टरी, स्थापना १८६९. ‘ओएफव्ही’ दिसले तर ते जळगाव जिल्ह्यातले वरणगाव. .३०३ ची मान पाव इंचावर आणून केलेले .३०३-२५ हे खास ऑस्ट्रेलियन वाइल्डकॅट आहे, तेव्हा कल्पना योग्य. पितळ मात्र पारखून घ्या.

केसच्या आत टॉर्च मारा. तळाला मधोमध एकच छिद्र असेल तर बॉक्सर प्रायमर, नेहमीच्या डायने निघतो. दोन बारीक छिद्रे असतील तर बर्डन. डायची पिन तिथे वाकेल किंवा मोडेल. जुने लष्करी .३०३ बहुधा बर्डनच असते. त्यातले प्रायमर गंजकारकही असत, त्यामुळे वर्षानुवर्षे न धुता राहिलेल्या केस आतून खाल्लेल्या निघतात.

मानेवर उभ्या, धाग्यासारख्या बारीक चिरा शोधा. या चिरांचा इतिहास भारताशी जोडलेला आहे. ब्रिटिश काळात पावसाळ्यात तबेल्यांत साठवलेल्या काडतुसांच्या केस आपोआप तडकत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि घडताना पितळात राहिलेला ताण यांचा तो परिणाम, हे १९२१ मध्ये उलगडले. तापवून ताण काढला की तडकणे थांबते. आजही लष्करी केसच्या मानेवर तापवल्याचा रंग तसाच ठेवलेला दिसतो. तुमच्यासाठी यातले व्यवहाराचे एवढेच : घडवण्याआधी मान नरम करा आणि अमोनिया असलेल्या पॉलिशने केस कधीही उजळू नका.

.३०३ बुडाच्या बाहेर आलेल्या कडेवर (रिमवर) टेकते, खांद्यावर नाही, आणि ली-एन्फील्डची चेंबर्स खांद्याकडे सैल असतात. पहिल्या बारानंतर खांदा जिथे उमटेल तिथेच ठेवा, फक्त मान डायमध्ये घ्या. दरवेळी पूर्ण डाय केली तर या केस तीन-चार भरण्यांतच बुडाजवळ तुटतात.

प्रश्न : एच-वन-बी व्हिसावर आहे. मित्राच्या रायफलीसाठी माझ्या घरी केस घडवून दिल्या तर चालेल का? नंतर पुण्याला जाताना दोनचार रिकाम्या केस आठवण म्हणून नेऊ का? — सॅन होजे, कॅलिफोर्निया

उत्तर : दोन्ही प्रश्नांत ‘नाही’पासून सुरुवात करा. अमेरिकेच्या संघीय कायद्यात ‘ॲम्युनिशन’ या शब्दात रिकामी केस, प्रायमर, गोळी आणि पावडर हे चारही वेगवेगळे येतात. एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या व्यक्तीला ते बाळगायला मनाई आहे. अपवादांतला सर्वांत वापरात असलेला म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेला, मुदतीत असलेला शिकारीचा परवाना. तो असेल तर संघीय कायद्याचा हा अडसर दूर होतो. मुदत संपली की अडसर परत येतो. ग्रीन कार्डवाल्यांना ही मनाई लागू नाही. स्वतःसाठी भरायला संघीय परवाना लागत नाही, पण व्यवसाय म्हणून दुसऱ्यासाठी भरून विकायला लागतो. राज्याचे नियम वेगळे, आणि कॅलिफोर्नियाचे कडक आहेत. वकिलाला एकदा विचारा.

भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ च्या व्याख्येत काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवण्याची यंत्रसामग्रीही ‘दारूगोळा’ ठरते, आणि विनापरवाना दारूगोळा बनवणे हा कलम ५ चा भंग आहे. म्हणजे रिकामी केस, डाय, प्रेस, काहीच सामानात नको. रेंजला नेता ती बॅग विमानप्रवासाला वापरूच नका : अस्तराच्या शिवणीत राहिलेले एक काडतूस विमानतळावरच्या क्ष-किरण यंत्रात लगेच दिसते.